फॉरवर्ड न होणारा होमवर्क

'माझा आवाज येतोय का?'

२०२० या सालाचं राष्ट्रीय वाक्य ठरवायचं झालं तर दुसरा कुठलाही उमेदवार उभा राहणार नाही. तुम्ही म्हटलंय, मी म्हटलंय, आपल्या बॉसने तर दर पाच मिनिटांनी म्हटलंय. वर्क फ्रॉम होमच्या त्या गमती आपण अजून पार्ट्यांमध्ये सांगतो. कुणाची आई ऐन क्लायंट कॉलमध्ये 'भेंडी करू की गवार' विचारत आली, कुणी वर फॉर्मल शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून अप्रेझल दिलं, कुणी म्यूट करायला विसरून मॅनेजरचा उद्धार केला. धमाल होती, कबूल करा!

पण त्याच वर्षी हे वाक्य आपल्यापेक्षा जास्त वेळा म्हणणारी एक जमात होती आणि तिला ना कंपनीचा लॅपटॉप मिळाला होता, ना वायफायचं बिल. शाळेतले शिक्षक. त्यातही विज्ञानाचे. म्हणजे बघा, इतिहासाच्या सरांना फोनवरून निदान गोष्ट तरी सांगता येते. मराठीच्या बाई कविता म्हणून दाखवू शकतात. पण 'कळीच्या चुन्यात पाणी घाला आणि भांड्याला बाहेरून हात लावून बघा, गरम झालं ना?' हे फोनवरून कसं शिकवायचं? फोन गरम होतो, पण तो वेगळ्या कारणाने.

या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं रेवदंड्यात. रेवदंडा म्हणजे आपल्या लेखी वीकेण्ड. मांडव्याची बोट, अलिबाग, नागाव, चौल, मग माडा-पोफळींच्या सावलीतला रस्ता, वाळूपर्यंत आलेली पोर्तुगीज किल्ल्याची तटबंदी, कुंडलिकेच्या मुखापलीकडे दिसणारा कोर्लईचा किल्ला. फोटो, फिशथाळी, रविवारी संध्याकाळी परत. मध्यंतरी मीही अशीच गेले होते. खानावळीत शेजारच्या टेबलावर ओळख झाली ती याच पट्ट्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांशी आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका बाईंशी. दोघांची अट एकच, आमचं नाव नको आणि शाळेचं तर नकोच. मान्य. पण त्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आधी वादळ, मग लेक्चर

आपल्यासाठी २०२० म्हणजे करोना. रायगडच्या किनाऱ्यासाठी त्यात ३ जूनही आहे. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. शाळांचे पत्रे उडाले, घरांची कौलं गेली आणि माणसं वर्षानुवर्षं वाढवतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब तर काड्यांसारखे पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

आणि १५ जूनला राज्यात नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. शाळा बंदच, पण शिक्षण चालू. ऑनलाइन!

आता विचार करा. घरावर ताडपत्री, वाडीत आडवे माड, फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग आणि ग्रुपवर मेसेज, 'उद्यापासून तास सुरू'. सर हसत सांगत होते. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. हा पठ्ठ्या १४६९ च्या सुमारास पार रशियातल्या त्वेरहून निघून, सोबत एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला होता. 'रशियातून माणूस आला, घोडा आला,' सर म्हणाले, 'पण त्या जूनमध्ये अलिबागहून रेंज काही येत नव्हती.'

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला शेवटचा धडा आहे 'आपत्ती व्यवस्थापन'. एरवी पोर्शन संपवायच्या घाईत फेब्रुवारीत उरकला जाणारा. सरांनी त्या वर्षी तो सगळ्यात आधी घेतला. वीज आली त्या आठवड्यात. उदाहरणं शोधायची गरजच नव्हती.

सोळा एमबीत मावेल तेवढं

पहिले दोन आठवडे सरांनी आपल्यासारखेच लाइव्ह क्लास घेऊन पाहिले. निम्मा वर्गही येईना. जे यायचे त्यांचे चेहरे दिसेनात, कारण कॅमेरा चालू केला की डेटा संपतो. 'समजलं का?' विचारलं की शांतता. समजल्याची, नसमजल्याची, की लाइन गेल्याची, काही कळायला मार्ग नाही. वर्गात एखादा मागच्या बाकावरचा भुवई वर करतो आणि शिक्षकाला कळतं की गाडी कुठे अडली. ती भुवईच गेली!

मग सगळं व्हॉट्सॲपवर आलं. हे फक्त रेवदंड्यात झालं असं नाही. 'असर' या संस्थेने २०२० च्या सप्टेंबरमध्ये देशभरातल्या ग्रामीण कुटुंबांना फोन करून पाहणी केली, तेव्हा शाळेकडून येणारा अभ्यास सर्वांत जास्त व्हॉट्सॲपवरूनच येत होता. त्याच पाहणीत दिसलं की शाळेत जाणारी मुलं असलेल्या घरांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हा आकडा ३६.५ होता. केवढी उडी! पण घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हातात असणं यात फरक आहे. या किनाऱ्यावर तो फरक १ ऑगस्टला कळला. मासेमारीची बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या. आणि बाबांबरोबर फोनही गेला. आठवड्याने होडी बंदराला लागली की सरांच्या फोनवर एकदम सात दिवसांचा गृहपाठ येऊन आदळायचा. टिंग टिंग टिंग टिंग!

बाईंची अडचण आणखी वेगळी. व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीच्या वरचा व्हिडिओ जात नसे. म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. पस्तीस मिनिटांचा तास तीन मिनिटांत कसा कोंबायचा? त्यांनी कोंबला नाही, कापला. प्रस्तावना कापली, 'मागच्या तासाला आपण पाहिलं' कापलं, 'गप्प बसा रे' तर आपोआपच कापलं गेलं. उरला एक प्रयोग आणि एक प्रश्न. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल वाकडी का दिसते? बस्स. 'वीस वर्षं शिकवतेय, पण धड्यात नेमकं काय सांगायचंय हे मला त्या सोळा एमबीने शिकवलं,' बाई म्हणाल्या.

शूटिंगचा सेटअप ऐकाल तर आपल्या त्या रिंगलाइटवाल्या रील्सची लाज वाटेल. स्वयंपाकघरातलं स्टूल, त्याच्या कडेला फोन, कॅमेरा बाहेर डोकावेल असा आणि फोन खाली पडू नये म्हणून त्याच्यावर सासूबाईंचा बत्ता. खाली जमिनीवर ताट, ताटात प्रयोग. पार्श्वसंगीत कुकरच्या शिट्टीचं.

मदत बाहेरूनही होती. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड होते. ही कल्पना ज्यांनी आधी आपल्या शाळेत राबवली ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी त्याच डिसेंबरमध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मे इतर नऊ फायनलिस्टना वाटून मोकळे झाले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन्स फुकट मिळतात, मराठीतसुद्धा. त्यात पडद्यावर वायरी जोडून सर्किट बनवता येतं आणि शॉर्टसर्किट केलं तर चक्क ज्वाळा निघतात. पोरांना ते भलतंच आवडलं. सगळ्यांनी अभ्यास सोडून आधी आग लावली, सर सांगतात. पण या सगळ्याला एक तर नेट लागतं नाही तर वीज. ज्या दिवशी दोन्ही नाही त्या दिवशी काय?

अख्ख्या वर्गाचं उत्तर सेम

खरी गंमत, किंवा खरं संकट, पुढे आलं. सरांनी भिंगाचं नाभीय अंतर काढायला सांगितलं. आजोबांचा जाड चष्मा घ्या, नाहीतर दुसरं कुठलं भिंग मिळतंय का बघा, समोरच्या भिंतीवर खिडकीची प्रतिमा पाडा, पट्टीने अंतर मोजा. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. अख्ख्या वर्गाचं नाभीय अंतर सारखं, दशांश चिन्हासकट! आणि अर्ध्या वर्गाकडे भिंगच नव्हतं.

कुणीतरी गाइडमधून उत्तर काढलं होतं आणि ग्रुपवर टाकलं होतं. बाकीच्यांनी फॉरवर्ड केलं. आपण ऑफिसात प्रेझेंटेशनच्या बाबतीत जे करतो तेच, त्यामुळे नावं ठेवायला आपल्याला जागा नाही. दुसरा कुणी असता तर त्याने ग्रुपवर दमबाजी केली असती. सरांनी रात्रभर विचार केला आणि त्यांना वाटलं, चूक पोरांची नाही, माझ्या प्रश्नाची आहे. वर्गात प्रश्नाचं उत्तर शोधायला पस्तीस मिनिटं असतात. व्हॉट्सॲपवर उत्तर प्रश्नाच्या आधी पोचतं. मग असा प्रश्न विचारायचा की शेजाऱ्याचं उत्तर आपल्या कामालाच येणार नाही. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं!

मला विचाराल तर त्या दोन वर्षांत ऑनलाइन शिक्षणावर जेवढी वेबिनार झाली, त्या सगळ्यांपेक्षा ही एक ओळ भारी आहे.

सुरुवात पाण्यापासून झाली. आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत घ्या, साबणाच्या पाण्याचे मोजून पाच थेंब टाका, हलवा आणि फेस किती बोटं वर आला ते लिहा. समुद्राजवळची विहीर मचूळ, आतल्या वाडीतली गोडी. कुणाचा फेस चार बोटं, कुणाचा एक. कॉपी करून सांगणार काय? मग आजीच्या पानाच्या डब्यातला चुना. तो पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी काढा आणि त्यात पपईच्या पानाच्या देठाने हळूच फुंका, पाणी आत ओढायचं नाही, ही सूचना तीनदा. पाणी दुधाळ होतं, कारण आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. जास्वंदीची फुलं गरम पाण्यात घाला. त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी, चुन्याची निवळी टाकली की हिरवं. किनाऱ्यावरचा शिंपला लिंबाच्या रसात बुडवला की बुडबुडे. प्रयोगशाळेत कुलपात राहणारी कपाटं असतात. इथे कपाट म्हणजे घर, अंगण आणि पुळण. पुण्यात आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवून हेच सांगत होते. महामारीने ते सगळ्यांना एकदम ऐकू आलं.

पण सरांचा मास्टरस्ट्रोक होता भरती. दहावीच्या विज्ञानातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. चंद्र समुद्राला ओढतो वगैरे आपण पाठ केलंय आणि विसरलोय. या किनाऱ्यावर मात्र म्हाताऱ्या माणसांकडे एक तोंडी हिशेब असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, पावणेचार. अष्टमीला सहा. ना ॲप, ना टाइडटेबल. सरांनी होमवर्क दिला, आजोबांचा हिशेब खरा की खोटा ते तपासा. १७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत, रोज दिवसाउजेडीची भरती. धक्क्याच्या पायरीवर, नाही तर वाळूत काठी रोवून, पण पायांना पाणी लागणार नाही एवढ्या अंतरावरून. पाणी सगळ्यात वर आलं की वेळ लिहायची. फोन नसला तरी चालेल, घड्याळ आणि वही पुरे. गृहपाठ पंधरा दिवसांनी दिला तरी चालेल. म्हणजे होडीबरोबर गेलेल्या फोनचाही प्रश्न मिटला.

पंधरा दिवसांनी वह्या आल्या तेव्हा धम्माल. एकाचंही उत्तर दुसऱ्याशी जुळेना आणि आजोबांशी तर मुळीच जुळेना. 'सर, पंचांग चुकला!' असा एक व्हॉइस मेसेज सरांनी अजून जपून ठेवलाय. पंचांग चुकलं नव्हतं. आजोबांचा हिशेब रोज पाऊण तास धरतो, भरती सरासरीने सरकते रोज साधारण पन्नास मिनिटांनी. तीही रोज सारखी नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ती कमी सरकते आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, जास्त. वर खाडीत आत राहणाऱ्या पोरांकडे पाणी उशिरा पोचतं, किनाऱ्यावरच्यांकडे आधी. म्हणजे सगळ्यांची उत्तरं वेगळी आणि बहुतेक सगळी बरोबर! पुढचे चार दिवस ग्रुपवर फक्त भांडणं. तुझं घड्याळ पुढे, तुझी काठी वाकडी. त्या वर्षी पहिल्यांदा मला वर्ग भरल्यासारखा वाटला, सर म्हणाले.

जे पोचलं नाही

इथे थांबले असते तर छान फीलगुड स्टोरी झाली असती. पण बाई थांबू देत नाहीत. त्यांनी त्यांच्या वहीतली एक यादी दाखवली. नावांसमोर बरोबरच्या खुणा, काही नावांसमोर रिकामी जागा. रिकाम्या जागा बहुतेक डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांमधल्या. तिथे फोन नाही, असला तर रेंज नाही. काही दिवस बाई प्रश्नपत्रिका हाताने लिहून वाण्याच्या दुकानात ठेवायच्या, सामान न्यायला येणाऱ्याबरोबर वाडीवर जायच्या आणि पुढच्या बाजाराला उत्तरं परत. मग सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'ची घरोघरची पाहणी आली, तिची ड्युटी लागली. त्या निमित्ताने त्या वाड्यांवर पोचल्या, एका हातात ऑक्सिमीटर आणि पिशवीत विज्ञानाची वही. पावसाळ्यानंतर काही कुटुंबं वीटभट्टीवर गेली. मुलंही गेली. त्यातली सगळी परत शाळेत आली नाहीत. 'भरती मोजायला फोन लागत नाही हे खरं,' बाई म्हणाल्या, 'पण मूल गावात असावं लागतं ना.'

'असर'च्या त्या पाहणीत पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुलं जेमतेम एक तृतीयांश निघाली होती. देशाचा आकडा आपण वाचतो आणि पान उलटतो. बाईंच्या वहीत तो आकडा नावानिशी आहे.

आणि ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांचंही सगळं पोचलं नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली. शिक्षकांनी आरटीपीसीआर करून घेतल्या आणि थोड्या महिन्यांसाठी का होईना, प्रयोगशाळेचं कुलूप निघालं. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला. दहावीतल्या मुलांना पेशीभित्तिकेची व्याख्या तोंडपाठ. पण नळीला डोळा लावल्यावर पहिल्या पाचांना दिसल्या त्या स्वतःच्याच पापण्या. एक डोळा कुठे ठेवायचा, स्क्रू किती फिरवायचा, हे व्हिडिओत येत नाही. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड आपल्याकडे करायचं नाही, हे सगळ्यांनी लिहिलेलं होतं आणि अनेकांनी नेमकं तसंच धरलं. हाताला शिकायला हातच लागतात. ती तूट घरच्या चुन्याने आणि जास्वंदीने भरून निघाली नाही, हे दोघंही कबूल करतात.

मग दुसरी लाट आली आणि २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली. गुण कसे दिले? पन्नास नववीच्या निकालावर, तीस दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामावर, वीस गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकावर. त्यात नववीची वार्षिक परीक्षाही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झालीच नव्हती! १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. पेढ्यांबरोबर जोक्सही वाटले गेले. 'करोना बॅच' हा शब्द तेव्हाचा.

ती बॅच आता विशी ओलांडून तुमच्या-आमच्या ऑफिसात यायला लागलीय. इंटर्न म्हणून, ट्रेनी म्हणून, डिलिव्हरीचं पार्सल घेऊन. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, यांना काय, परीक्षा न देताच पास! पुढच्या वेळी कुणी म्हटलं तर त्या पोराला एक प्रश्न विचारून बघा, तुझ्या दहावीच्या वर्षात विज्ञान कसं शिकलास? कदाचित तो खांदे उडवेल. कदाचित सांगेल की घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत मी रोज समुद्राच्या काठी घड्याळ घेऊन बसायचो. आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या उत्तरासारखं नसेल.

शाळा उघडून आता बरीच वर्षं झाली. प्रयोगशाळा उघडी असते, भिंगं कपाटात असतात, गाइडंही दुकानात आहेत. सर मात्र अजून दर वर्षी दहावीला भरतीचा होमवर्क देतात आणि बाई दर जूनला त्यांच्या वहीतली यादी घेऊन वाड्यांवर एक चक्कर मारतात, भट्टीवरून कोण कोण परत आलंय ते बघायला.